वाटांचं पुस्तक: गावातल्या पोरांसोबत चाळीस तुकड्यांची जादूकथा कशी बांधायची

गोंदिया जिल्ह्यातल्या नवेगावबांधपासून फार लांब नसलेल्या एका गावात मी सहावी-सातवीला शिकवते. गोष्टीची पुस्तकं शाळेत आहेत, पेटीभर आहेत. पण पोरं ती हातात घेतात, चित्रं बघतात आणि ठेवून देतात. त्याच पोरांना मी एकदा घरी लिहिलेली एक गोष्ट दिली. तिच्यात दर थोड्या ओळींनंतर "आता काय करशील?" असं विचारलं होतं आणि उत्तराप्रमाणे वेगळ्या आकड्यावर जायचं होतं. मधली सुट्टी संपून घंटा झाली तरी तिघं जण एका वहीवर डोकी घालून बसलेले होते. तेव्हापासून दर जानेवारीत आम्ही असं एक पुस्तक बनवतो. जानेवारीच का, तर त्याआधी धानाची कापणी-मळणी असते आणि निम्मा वर्ग बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात असतो.

इंग्रजीत या प्रकाराला गेमबुक म्हणतात. १९८२ साली ब्रिटनमध्ये निघालेल्या अशा एका गाजलेल्या पुस्तकात फासे होते, राक्षस होते आणि ४०० क्रमांकित परिच्छेद होते. आपल्याला ४०० नकोत. चाळीस पुरतात, आणि तेही पहिल्या खेपेला जास्तच वाटतील. आमची पोरं त्याला "वाटांचं पुस्तक" म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते. प्रत्येक क्रमांकित परिच्छेदाला आम्ही "तुकडा" म्हणतो.

आधी जागा, मग जादू

जादूची दुनिया म्हटलं की पोरं टीव्हीवरचा किल्ला, बर्फ आणि ड्रॅगन काढतात. काढू द्या. पण मग त्यांना विचारा, बर्फावरून चालताना पाय कसा वाजतो? वर्ग गप्प होतो. तेच तलावाच्या गाळातून चालताना पाय कसा वाजतो विचारलं की चौदा जण एकदम आवाज काढून दाखवतात. जादू कितीही अचाट असू द्या, ती पायाखालच्या ओळखीच्या मातीतून निघाली पाहिजे. याचं कारण फक्त गोडव्याचं नाही, पुढे निवडीच्या भागात ते कामाला येतं.

आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, जागेची वाण नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर मिळून सहा हजारांहून जास्त माजी मालगुजारी तलाव आहेत. बरेचसे कोहळी समाजाच्या लोकांनी बांधलेले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी (इथली जमीनदारी) गेली आणि त्यांच्या नावामागे "माजी" लागलं. लोक आपले "मामा तलाव" म्हणतात. पाळ, सांडवा, पाणी सोडायचं दार म्हणजे तुडुम, खालची बांधी: एवढ्यात एक अख्खी गोष्ट मावते. बुलडाण्याकडच्या शिक्षकांना लोणार आहे. उल्केने बेसाल्टात पाडलेलं विवर, खारं पाणी, लवणासुराची कथा, आणि जून २०२० मध्ये पाणी खरोखरच गुलाबी झालं होतं. मेळघाटाकडे गाविलगड आणि चिखलदऱ्याची कीचकदरी आहे. जे तुमच्या गावापासून सायकलवर गाठता येतं ते घ्या.

दोन गोष्टी मात्र मी पहिल्याच दिवशी सांगून टाकते. गावदेव, सातबहिणी, गोंडांचे पेन (देव) यांना राक्षस करायचं नाही. कुणाच्या तरी घरी त्यांची पूजा होते. आणि म्हातारी चेटकीण हे पात्र आपल्या पुस्तकात येणार नाही. परदेशी गोष्टींत ती गंमत असेल, आपल्याकडे मात्र या शब्दावरून खऱ्या बायांना मार पडला आहे. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा उगाच नाही झाला. आमच्या पुस्तकात म्हातारी असतेच, पण ती शिदोरी देते.

तिसरी गोष्ट माझ्या लक्षात उशिरा आली. एका पुस्तकात "तलावात उडी मार" ही बरोबर निवड होती आणि तळाशी खजिना होता. पुस्तक घरी नेणाऱ्या पोरांची घरं तलावापासून शंभर पावलांवर! तो तुकडा मी खोडला. खऱ्या गावात जे करून जीव जाऊ शकतो, म्हणजे एकट्याने पाण्यात उतरणं, साप धरणं, विहिरीत उतरणं, त्याला पुस्तकात बक्षीस द्यायचं नाही.

नकाशा: फाटा फुटला की कुठेतरी मिळाला पाहिजे

लिहायला बसायच्या आधी आकृती. जुन्या कॅलेंडरची पानं उलटी करून चिकटवा आणि भिंतीवर लावा. प्रत्येक तुकड्याला एक गोल, प्रत्येक निवडीला एक बाण.

इथे पहिला सापळा आहे. पोरं (आणि पहिल्या वर्षी मीही) प्रत्येक गोलातून दोन बाण काढत सुटतात. फळ्यावर हिशोब करून दाखवा: १, २, ४, ८, १६, ३२, ६४. सहा वेळा दोन-दोन फाटे फुटले आणि एकही वाट परत मिळाली नाही, तर १२७ तुकडे लिहावे लागतात. वाचणाऱ्याला त्यातले ७ दिसतात. बाकी १२० कुणासाठी?

म्हणून वाटा मिळवायच्या. पाटाचं पाणी जसं चार बांध्यांतून फिरून शेवटी एकाच नाल्याला लागतं, तशी गोष्ट फिरू द्यायची. आमच्या गोष्टीत तलाव रात्रीतून कोरडा पडतो आणि त्याचं पाणी परत आणायचं असतं. तिचे चाळीस असे पडतात: गावातला भाग १२, तलावाखालची दुनिया १५, परतीची वाट ८ आणि शेवट ५. प्रत्येक भागाच्या टोकाला एक "पाणघाट" ठेवायचा. हा असा तुकडा, की कुठल्याही वाटेने आलात तरी इथूनच पुढे जावं लागतं. वाचणाऱ्याला एका खेपेत बारा-चौदा तुकडे लागतात, म्हणजे एका मधल्या सुट्टीत एक खेळ होतो. पाच शेवटांपैकी एक पूर्ण जिंकल्याचा, दोन अर्धेमुर्धे (जीव वाचला, पण पाणी आणलं नाही) आणि दोन हरल्याचे. हरल्याचे शेवट पोरांना फार लिहायचे असतात. दोनाच्या वर जाऊ देऊ नका, नाहीतर पुस्तक स्मशान होतं.

मिळालेल्या वाटेत एक अडचण असते. आमच्या गोष्टीत एक सारस पक्षी आहे. त्याच्याशी बोलून आलेला आणि न बोलता आलेला, दोघंही एकाच पाणघाटावर आले, मग आधीच्या निवडीला अर्थ काय उरला? अर्थ शिदोरीत, म्हणजे वाटेत जवळ आलेल्या वस्तूंत उरतो. एकाकडे घुंगरू आहे, दुसऱ्याकडे नाही. त्याबद्दल पुढे येतेच.

निवड म्हणजे चिठ्ठी नव्हे

या लेखातलं एकच काही लक्षात ठेवायचं असेल तर हा भाग ठेवा.

पोरांची पहिली निवड ठरलेली असते: "समोर दोन वाटा आहेत. डावीकडे जायचं की उजवीकडे?" डावीकडे गेलं की मरण, उजवीकडे खजिना. ही निवड नाही, चिठ्ठी उचलणं आहे. दोनदा असा मेलेला पोरगा तिसऱ्यांदा पुस्तक उघडत नाही, आणि त्याचं बरोबर आहे.

आता हेच असं लिहून बघा: "डावीकडून मोहफुलांचा गोड वास येतो, आणि माती ताजी उकरलेली दिसते. उजवीकडे पाण्याचा आवाज आहे, पण वाट गुडघाभर गाळाची." आमच्या पोरांना हे वाचायला दुर्बीण लागत नाही. मार्च-एप्रिलात पहाटे मोह वेचायला जाताना अस्वलाच्या भीतीने घोळक्याने जातात ती. मोहाचा वास आणि उकरलेली माती म्हणजे अस्वल. तरीही जो डावीकडे जातो तो काहीतरी मनात धरून जातो: "आपल्याजवळ आजीने दिलेली मोहाची पुरचुंडी आहे, देऊ की." मग त्याचं काही बरं-वाईट झालं तर ते त्याचं स्वतःचं असतं.

कसोटी सोपी आहे. प्रत्येक निवडीखाली पेन्सिलने लिहायला लावा: "शहाण्या वाचकाला हे कशावरून कळलं असतं?" उत्तर लिहिता आलं नाही तर तुकड्यात खूण कमी पडली आहे. खूण फार उघडी नको आणि गुप्तही नको. आमचा पहिला तुकडा आता असा आहे:

"१. पहाटे तलावावर गेलेल्या बाया ओरडत परतल्या. काल काठोकाठ भरलेला तलाव रात्रीतून कोरडा पडला आहे. गाळात एक मासा नाही. तुडुमाच्या तोंडाशी मात्र ओल्या पावलांच्या खुणा आहेत. माणसाच्या नाहीत, तीन बोटांच्या. पाळीवर एक सारस एका पायावर उभा आहे आणि तुझ्याकडे बघायचं टाळतो आहे. आजीने तुझ्या हातात मोहफुलांची पुरचुंडी ठेवली. 'रिकाम्या हातानं कोनाच्या घरी जाऊ नये,' ती म्हणाली. खुणांमागे तुडुमात शिरायचं असेल तर १४ वर जा. सारसाला गाठायचं असेल तर २९ वर जा."

ज्या पोरांनी धानाच्या बांधीत सारसाचे पाय उमटलेले पाहिलेत, त्यांना तीन बोटं लगेच खटकतात. ती २९ वर जातात आणि सारस ओशाळून एक घुंगरू देतो. ज्यांना खटकलं नाही ती १४ वर जातात, त्यांचंही काही बिघडत नाही, पण घुंगरू जातं. मातीतली ओळखीची गोष्ट वापरा म्हणाले होते ती यासाठी. बर्फावरच्या खुणांवरून आमच्या पोरांना काहीच ताडता आलं नसतं.

"तू" गेलास की गेलीस?

या पुस्तकात नायक म्हणजे वाचणारा, म्हणून सगळं "तू" मध्ये. इंग्रजीत लिहिणाऱ्याला इथे काही त्रास नाही. आपल्याला आहे. "तू आत गेलास" लिहिलं की वर्गातल्या अर्ध्या मुली बाहेर. "गेलास/गेलीस" असं तिरप्या रेघेने लिहिलं तर पुस्तक सरकारी अर्जासारखं दिसतं. पहिल्या वर्षी मी तिरप्या रेघा दिल्या. सहावीतली एक मुलगी मोठ्याने वाचताना दर वेळी "गेलास भागिले गेलीस" म्हणायची. वर्ग हसून लोळला, गोष्ट गेली खड्ड्यात.

मराठीनेच यातून वाट ठेवली आहे. "तू दार उघडलंस", "तू कंदील उचललास", "तू दोरी सोडलीस". यात क्रियापद दाराप्रमाणे, कंदिलाप्रमाणे, दोरीप्रमाणे बदलतं. वाचणारा मुलगा की मुलगी, त्याला फरक पडत नाही. म्हणजे भूतकाळात कर्म असलेली क्रियापदं बिनधास्त वापरा. "तुला दिसलं", "तुझ्या कानावर आलं", "तुझे पाय थांबले" हेही चालतं. पुढचं सांगायचं तर "जाशील, करशील" आणि निवडीला "जा, थांब, विचार": दोन्ही मोकळी.

अडतात ती जाणं-येणं-बसणं-पळणं. "तू पोहोचलास" ऐवजी "तुझी पावलं पाणघाटाला लागली". "तू घाबरलास" ऐवजी "तुझ्या अंगावर काटा आला". हे वाक्य तसंही जास्त चांगलं आहे. आणि "तू जातोस/जातेस" मुळे वर्तमानकाळही फारसा उपयोगाचा नाही.

एक फसवी टोळी आहे, तिच्यावर नजर ठेवा: बोलणं, पिणं, शिकणं, विसरणं, समजणं. यांना कर्म असतं, तरी ही क्रियापदं कर्त्यामागे जातात: "तू पाणी प्यायलास", "तू मंत्र विसरलीस". इथे क्रियापदच बदला: "तू पाण्याचा घोट घेतलास", "मंत्र तुझ्या डोक्यातून निघून गेला". पोरांना मी हा खेळ म्हणून देते. एक तुकडा घ्या, त्यातला एकही शब्द मुलगा-मुलगी सांगणार नाही असा करून आणा. व्याकरणाच्या तासात कर्मणी प्रयोग शिकवताना जे डोळे मिटत होते, ते इथे उघडे असतात.

बोलीचं म्हणाल, तर निवेदन शाळेच्या मराठीत आणि पात्रं झाडीबोलीत. झाडीत ण चा न होतो, ळ चा र होतो. अस्वल वाटेत आडवं येऊन म्हणतं, "माज्या वाट्याचा मोहा कोठी आहे?" एवढं वाक्य वाचलं की वर्गात जान येते. झाडीपट्टीचं नाटक बघत रात्र काढलेली पोरं आहेत ही, संवाद त्यांना सांगावे लागत नाहीत. उलट आवरावे लागतात: अस्वल भाषण करायला लागतं. एका तुकड्याला साठ ते ऐंशी शब्द, ही मर्यादा मी फळ्यावर लिहून ठेवते आणि तिच्यावर अडून बसते.

चिंचोके, दम आणि शिदोरी

फासा विकत आणायची गरज नाही. चार चिंचोके मधोमध फोडा आणि त्यांतली चार अर्धकं घ्या. एक बाजू तपकिरी, एक पांढरी. अष्टाचंगा खेळणाऱ्या घरात ती तयारच असतात. चारही टाकायची, पांढऱ्या बाजू किती वर आल्या ते मोजायचं.

फाशावर १ पासून ६ पर्यंत सगळे आकडे सारखेच पडतात. चिंचोक्यांचं तसं नाही. दोन्ही बाजू सारख्या पडतात असं धरलं तर १६ पैकी एकदा शून्य, चारदा एक, सहादा दोन, चारदा तीन आणि एकदाच चार. म्हणून "दोन किंवा जास्त पडले तर पार" ही सोपी परीक्षा: १६ पैकी ११ वेळा जमते. "तीन किंवा जास्त" अवघड, १६ पैकी ५ च वेळा. खरे चिंचोके थोडे लबाड असतात, तेव्हा आधी पन्नास वेळा टाकून तुमच्या जोडीचा स्वभाव बघून घ्या. सातवीला हा गणिताचा तास म्हणून खपतो.

नशीब किती ठेवायचं? चाळीस तुकड्यांत चार-पाच ठिकाणी, बस. आणि चिंचोके पडल्याने कुणी मरता कामा नये. वाईट पडलं तर दम जातो. दम म्हणजे सुरुवातीला डाव्या खिशात सहा अख्खे चिंचोके, गेला की एक उजव्या खिशात. डावा खिसा रिकामा झाला की हरल्याच्या तुकड्यावर. कागदावर खुणा करायला लावलं तर पोरं खोडून परत लिहितात. खिशातला चिंचोका खोडता येत नाही.

शिदोरीत तीनच वस्तू ठेवा. आमच्यात पुरचुंडी, कंदील आणि घुंगरू. "तुझ्याकडे कंदील आहे का? असेल तर २२ वर जा, नसेल तर ९ वर" हे साधं रूप. यात लबाडी होते, कारण "आहे" म्हणायला काय जातं! म्हणून महत्त्वाच्या वस्तूत आकडा लपवायचा. २९ व्या तुकड्यात सारस घुंगरू देताना म्हणतो, त्यावर ७ कोरलेलं आहे. पुढे १८ व्या तुकड्यात फक्त एवढं लिहायचं: "वाजवण्यासारखं काही जवळ असेल तर त्यावरचा आकडा या तुकड्याच्या क्रमांकात मिळव आणि तिथे जा." १८ अधिक ७, पंचवीस. घुंगरू नाही त्याला २५ चा पत्ताच नाही. पंचविसाकडे नेणारा छापील बाण पुस्तकात दुसरीकडे कुठेही ठेवायचा नाही.

आकडे विस्कटणं

लिहून झालं की तुकडे ओळीने ठेवून चालत नाही. १४ वाचता वाचता नजर १५ वर गेली की रहस्य संपलं. तेव्हा चिठ्ठ्या. १ हा क्रमांक कायम पहिल्या तुकड्याचा, आणि घुंगरासारख्या बेरजेच्या जोड्या आधी राखून ठेवा: आमच्यात १८ आणि २५. त्या विसरून सगळ्याच चिठ्ठ्या गाडग्यात टाकल्या तर मग बेरीज जमवताना रडायची वेळ येते. बाकीचे आकडे गाडग्यातून काढून नकाशावरच्या गोलांत भरा. एकमेकांना जोडलेले दोन तुकडे समोरासमोरच्या पानांवर आले तर चिठ्ठी बदला.

शेवटच्या क्रमांकावर, म्हणजे ४० वर, जिंकल्याचा तुकडा कधीच ठेवू नका. पोरं पुस्तक हातात घेतल्या घेतल्या मागचं पान उघडतात. आमच्या ४० कडे कुठलीच वाट येत नाही. तिथे लिहिलंय: "या तुकड्याकडे एकही वाट येत नाही. तरी तुझे पाय इथे लागले! सारस तुझ्याकडे बघून मान हलवतो. एक चिंचोका उजव्या खिशात टाक आणि १ वर जा."

आकडे सांगताना तोंडी सांगू नका. "तेवीस" म्हटलं की आधी तीन ऐकू येतो आणि काही पोरं ३२ लिहितात. "एकोणतीस" चं तर हमखास ३९ होतं. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात "वीस तीन" असं वाचायची पद्धत आणली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. माझं मत विचाराल तर या कामापुरतं तरी ती मंडळी बरोबर होती. चिठ्ठी हातात द्या, बघून लिहू द्या.

तपासणी आणि चकवा

मागच्या पानावर तीन रकाने आखा: तुकड्याचा क्रमांक, कुठून येतो, कुठे जातो. चाळीसही ओळी भरा. १ आणि ४० सोडून ज्याचा "कुठून" रिकामा, तो अनाथ तुकडा. शेवट नसून ज्याचा "कुठे" रिकामा, ती आंधळी गल्ली. २५ समोर "१८ व घुंगरू" असं हाताने लिहा, नाहीतर कुणीतरी अनाथ समजून खोडेल.

मग वाचून बघणं. ज्यांनी लिहिलं नाही अशा दोघा-तिघांना द्या आणि तुम्ही गप्प बसा. हे गप्प बसणं सगळ्यात कठीण काम. दुसऱ्या वर्षी सातवीतली एक पोरगी वाचत होती. ८, मग ३१, मग १९, परत ८. आकडा चुकला होता, माझ्याच हाताने. चौथ्या फेरीला तिने पुस्तक खाली ठेवलं आणि म्हणाली, "मॅडम, मले चकवा लागला."

मी लाल पेन घेतला होता. पण वर्ग एकदम सावध झाला. चकवा माहीत नाही असा कुणी नव्हता: रानात रात्री माणूस त्याच त्या ठिकाणी फिरत राहतो, सकाळी कळतं की गावापासून हाकेच्या अंतरावरच होता. आणि उताराही सगळ्यांना माहीत. म्हातारे सांगतात, चालायचं थांब, बूड टेक, उजाडू दे. आम्ही ती चूक ठेवली. तिन्ही तुकड्यांत एकच खूण घातली, वाकडं मोहाचं झाड. १९ मध्ये तिसरी निवड वाढवली: "इथेच बसून उजाडायची वाट बघायची असेल तर ३६ वर जा." प्रत्येक फेरीला एक दम जातो. पहिल्या झटक्यात बसणारं पोर मी अजून पाहिलं नाही, पण दुसऱ्यांदा वाकडं झाड आलं की चेहरा बदलतो.

अपघाताने झालेलं वेटोळं आणि मुद्दाम घातलेलं वेटोळं यांत फरक एवढाच: मुद्दाम घातलेल्यातून बाहेर पडायची वाट असते आणि ती ओळखायची खूणही असते.

पुस्तक बांधणं

ए-फोर कागद मधून दुमडला की चार पानं होतात. पानाला दोन तुकडे धरले तर ४० तुकड्यांना २० पानं, म्हणजे पाच कागद, आणि मुखपृष्ठाला एक जाड. पानांची संख्या चाराच्या पाढ्यातच बसवावी लागते. सहा कागदांच्या बारा बाजू, बाजूला २ रुपये धरले तर झेरॉक्स २४ रुपयांत होतो. घड्या घालून मधल्या रेषेवर तीन भोकं पाडा आणि गोधडीच्या दोऱ्याने शिवा. स्टेपलर तेवढा आत पोहोचत नाही.

दुकानात द्यायच्या आधी कोऱ्या कागदांची तशीच घडी घालून पानांवर पेन्सिलने १ ते २० लिहा आणि उलगडून बघा. २० आणि १ एकाच बाजूला शेजारी येतात, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पटत नाही. एका वर्षी मी हे न करता घाईत गठ्ठा दिला. पानं मागे-पुढे आणि निम्मी उलटी छापून आली. दुकानदाराने सांगितलं तसंच केलं होतं, तेव्हा भांडायलाही जागा नव्हती. तीस प्रती आम्ही कात्रीने कापून, पान पान लावून परत शिवल्या.

संगणक असेल तर ट्वाइन नावाचं फुकट साधन आहे, २००९ मध्ये ख्रिस क्लिमस यांनी बनवलेलं. तुकड्याचं नाव दुहेरी चौकोनी कंसात लिहिलं की दुवा तयार होतो, नकाशा आपोआप दिसतो, देवनागरी नीट चालते. शेवटी एकच फाइल मिळते, ती फोनच्या ब्राउझरमध्ये नेटशिवाय उघडते. पालकांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला बरी. लिहायचं काम मात्र मी भिंतीवरच्या कागदावरच करून घेते, कारण संगणकासमोर एक पोरगं बसतं आणि एकोणीस मागे उभी राहतात.

शेवटच्या आतल्या पानावर एक रिकामा तक्ता छापा: तारीख, कोणत्या तुकड्यावर शेवट झाला. नाव नको. वर्षभर प्रती गावात फिरल्या की मे मध्ये गोळा करा आणि मोजा. मागच्या खेपेला सगळ्यात जास्त वेळा ३३ लिहिलेलं निघालं, हरल्याचा तुकडा. उलटं चाचपत गेले तर त्याच्या आधीच्या तुकड्यात खूणच नव्हती. भिंतीवरचा नकाशा गुंडाळून कपाटावर ठेवला आहे, ३३ भोवती लाल गोल आहे. शाळा जूनअखेरीस उघडली की तिथून सुरुवात.